वर्गात न बोललेलं मराठी

मेधाताई,

तुम्हाला जाऊन आज आठ दिवस झाले. तुमच्या बहिणीचा व्हिसा अजून यायचा आहे, त्यामुळे शेवटचा निरोप पुढच्या आठवड्यात. शुक्रवारी मात्र शाळेच्या हॉलमध्ये मुलांनी आणि पालकांनी तुमची आठवण काढली. माझं नाव पुकारलं तेव्हा मी उठलो, चष्मा पुसला, 'थँक यू' म्हणालो आणि परत बसलो. थँक यू कुणाला, हे कुणालाच कळलं नसणार. तुम्ही तिथे असतात तर शेजारणीच्या कानात पुटपुटला असतात, "याला बोलायला कशाला लावता? कागद द्या."

म्हणून कागद घेतला आहे. दोन गोष्टी तुम्हाला सांगायच्या राहिल्या. एक मी लपवली होती. दुसरी मलाच शुक्रवारी कळली.

लपवलेली आधी सांगतो. तुम्ही हॉस्पिटलमध्ये होतात त्या आठवड्यात, मंगळवारी, मला कौन्सिलच्या शाळाप्रवेश विभागाची ईमेल आली. आमच्या घरामागच्या शाळेत, जिथे माझ्या लेकीचं, ईराचं नाव तीन वर्षं वेटिंग लिस्टवर होतं, एक जागा झाली होती. साधी इंग्रजी शाळा, चालत सहा मिनिटं. उत्तर द्यायला दोन आठवडे. मी ती जागा घ्यायची ठरवली होती. बुधवारी संध्याकाळी तुम्हाला भेटायला आलो तेव्हा ती ईमेल माझ्या खिशातल्या फोनमध्ये होती. तुम्ही ईराबद्दल विचारत राहिलात आणि मी तिच्या वाचनाबद्दल सांगत राहिलो. रविवारी तुम्ही गेलात.

तुमच्या शाळेत आम्ही आलो तेच मुळी माझ्या एका सवयीमुळे. शाळाप्रवेशाच्या फॉर्मवर पसंतीच्या तीन ओळी होत्या. दोन भरल्या. तिसरी रिकामी ठेवता आली असती, पण पुस्तकांच्या नोंदी करण्यात ज्याचं आयुष्य गेलं त्याला रिकामी जागा बघवत नाही. ट्रामच्या चार थांब्यांवर एक छोटी शाळा होती, सकाळी इंग्रजी आणि जेवणानंतर जपानी. मी तिचं नाव लिहून टाकलं. कौन्सिलने नेमकी तीच दिली. माझी बायको, कल्याणी, हॉस्पिटलमधली ड्यूटी संपवून आली, पत्र वाचलं आणि म्हणाली, "पुढच्या वेळी रिकाम्या ओळीत रांगोळी काढ."

पहिल्या दिवशी वर्गाच्या दारावर तुमचं नाव वाचलं आणि मला इतका आनंद झाला की मी, जो अनोळखी माणसाशी हवापाण्याचंही बोलत नाही, थेट मराठीत म्हणालो, "अहो, तुम्ही पुण्याच्या का?" तुम्ही माझ्याकडे अशा चेहऱ्याने पाहिलंत की जणू मी भिंतीशी बोललो. मग कमरेत वाकून नमस्कार केलात, जपानीत काहीतरी म्हणालात, आणि इंग्रजीत सांगितलंत की मुलीचे बाहेरचे बूट त्या कप्प्यात ठेवा. मी घरी जाईपर्यंत तुमचा राग राग केला. संध्याकाळी फोन आला.

"नमस्कार. सकाळी तुमच्या तोंडावर दार आपटलं, ती मी. नारायण पेठेतली. मुलगी जवळपास नाही ना? मग बोला आता हवं तेवढं."

त्या फोनवर तुम्ही तुमचा नियम समजावून सांगितलात. एका माणसाची एक भाषा. ईराला तुम्ही जपानीतच भेटणार, वर्गात, मैदानावर, फाटकाशी, ती पडली तरी आणि रडली तरी. तुम्हाला मराठी येतं हे तिला कळता कामा नये. "सोपं दार उघडं दिसलं तर अवघड दार कोण वाजवेल हो?" असं म्हणालात. मला ते पटलं नाही, पण मी हो म्हणालो. तसा मी बऱ्याच गोष्टींना हो म्हणतो.

पटलं नाही ते दोन महिन्यांनी पत्रातून बाहेर आलं, वेगळ्याच निमित्ताने. ईराने घरी सांगितलं की ती रोज दुपारी शाळेत फरशी पुसते. शिक्षा असेल असं मला वाटलं, कारण ती वर्गात अवाक्षर बोलत नव्हती. घरी पोपटासारखी बोलणारी मुलगी शाळेत मुकी झाली होती, इंग्रजीतही आणि जपानीतही. मी हेडटीचरना सतरा ओळींचं पत्र लिहिलं. ते तुमच्याकडे आलं, आणि तुम्ही मला बोलावून घेतलंत.

"पत्रात एकही चूक नाही," तुम्ही ऑफिसचं दार लावून म्हणालात. "इतकं चांगलं इंग्रजी रागावर खर्च केलंत, वाईट वाटलं. चला."

कॉरिडॉरमध्ये सगळा वर्ग ओळीने वाकला होता. प्रत्येकाच्या दोन्ही हातांखाली घडी घातलेलं फडकं, आणि शिट्टी वाजली की पळत पळत फडकं ढकलत दुसऱ्या टोकापर्यंत. मुलं हसून हसून लोळत होती. जपानी शाळेत रोजची साफसफाई मुलंच करतात, शिक्षकही करतात, हे मला पुस्तकातून माहीत असायला हवं होतं. तुम्ही एक फडकं माझ्या हातात दिलंत. अर्ध्या वाटेत माझे पाय मागे राहिले आणि हात पुढे गेले. मी पालथा पडलो. ईरा धावत आली, माझे दोन्ही हात धरून फडक्यावर ठेवले आणि जोरात म्हणाली, "र्योते! बाबा, र्योते!" दोन्ही हात. शाळेत तिच्या तोंडून आलेला पहिला शब्द तो. तुम्ही वळून बघितलंही नाहीत. बादलीत फडकं पिळत राहिलात. नंतर मला कळलं की वळला असतात तर डोळ्यांतलं पाणी तिला दिसलं असतं.

त्या दिवशी निघताना फाटकाबाहेर तुम्ही मला पहिल्यांदा 'अरे' म्हणालात. "अरे, ही मुलगी तुझ्यावर गेलीये. तुम्ही बापलेक बोलायच्या आधी सहा महिने विचार करता. तोवर समोरच्याने काय करायचं? फरशी पुसायची."

मग गुरुवार सुरू झाले. गुरुवारी ईराचा कॉयर, शाळेचा गाण्याचा सराव, असे आणि मला लायब्ररीतून लवकर सुटता येई. शाळेच्या मागच्या गल्लीतल्या कॅफेत, मुलांच्या कानांपासून लांब, तुम्ही तासभर मराठी बोलायचात. बोलायचात म्हणजे सोडायचात, नळ सोडावा तसं. टेबलाखाली तिखटामिठाच्या पुऱ्यांचा डबा उघडा असायचा आणि कॅफेवाली जवळ आली की तुम्ही त्यावर मुलांच्या वह्या ठेवायचात. एकदा ती म्हणाली, "लव्ह, तुमच्या वह्यांना ओव्याचा वास येतो." त्यानंतर तिच्यासाठीही वेगळी पुडी येऊ लागली.

आपलं भांडण त्या टेबलावरचंच. तीन वर्षं चाललं आणि मिटलं नाही. मी म्हणायचो, घरात मराठी बोलणारे आम्ही दोघंच, त्यात कल्याणी निम्मे दिवस ड्यूटीवर. ईराचं मराठी उतरत चाललं आहे. सांगलीहून आई व्हिडिओ कॉल करते तेव्हा ईरा 'हो'च्या जागी जपानी 'हाइ' म्हणते, आणि आईला वाटतं नात आपल्याला हाय-हॅलो करते आहे. दोन भाषांच्या मध्ये तिसरीला उभं राहायला जागा कुठे आहे? आणि शाळेत एक मराठी माणूस रोज दुपारी तिच्यासमोर उभं असतं, ते तिला कळूसुद्धा द्यायचं नाही?

तुम्ही म्हणायचात, "जागा डोक्यात नसते रे, माणसांत असते. तिला मराठी बोलायला माणसं दे. मी जपानीचं माणूस आहे."

"तुम्ही मराठीचंही माणूस आहात."

"ते तिच्यासाठी नाही."

एका गुरुवारी मी बोलू नये ते बोललो. म्हणालो, "ताई, हे शिकवणं नाही, फसवणूक आहे. मोठी झाल्यावर तिला कळेल तेव्हा ती तुमच्यावर परत विश्वास ठेवेल का?" तुम्ही डब्याचं झाकण लावलंत. मग म्हणालात:

"मी घरी एकटी असते. आठवड्यात हा एक तास मला माझं मराठी मिळतं. वर्गात एकच मूल असं आहे ज्याला मी 'ये गं बाळ, काय झालं' म्हटलं तर कळेल. रोज दुपारी ते ओठांवर येतं, आणि मी 'ईरा-सान' म्हणते. तुला काय वाटतं, मला सोपं जातं?"

मी माफी मागितली नाही. पुढच्या गुरुवारी तुम्ही पुऱ्या घेऊन आलात, म्हणून मी ते सोडून दिलं. आज मागतो. उशीर झाला आहे हे मला माहीत आहे.

त्या बुधवारी, हॉस्पिटलमध्ये, तुम्ही मला तुमचा बेत सांगितलात. ईरा इयर सिक्स संपवून शाळा सोडेल त्या दिवशी, शेवटची घंटा झाल्यावर, तुम्ही तिला फाटकाशी थांबवणार होतात आणि पहिल्यांदा तिच्याशी मराठीत बोलणार होतात. "काय बोलू ते अजून ठरत नाहीये. तीन वर्षं आहेत अजून," असं म्हणालात आणि हसलात. हसताना दम लागला. मी पाण्याचा पेला पुढे केला. खिशात ती ईमेल होती. तीन वर्षं सोडा, ईराला त्या शाळेत तीन महिनेही ठेवायचं नाही असं मी ठरवलेलं होतं. तुम्ही आजारी पडल्यापासून तुमच्या जागी दर आठवड्याला नवीन माणूस येत होतं, दुपारचे तास विस्कटले होते, आणि मला वाटत होतं की भांडण आता मी जिंकलो आहे. तुमच्या उशाशी बसून मला हे वाटत होतं, ताई.

आता दुसरी गोष्ट.

शुक्रवारी हॉलमधून निघून आम्ही ट्राममध्ये बसलो. ईरा खिडकीकडे तोंड करून होती. दोन थांबे गेले. मग तिने विचारलं, "बाबा, आता माझा नंबर कोणाला मिळणार?"

"कसला नंबर?"

"अकरा. मी सेन्सेईची अकरा होते."

मला कळलं नाही. सेन्सेई म्हणजे बाई, हे मला माहीत होतं. पण अकरा?

"ट्रिपला जाताना," ती म्हणाली. "ट्राममधून उतरलं की सेन्सेई सगळ्यांना काउंट करायच्या. आम्ही लाइनमध्ये. त्या असं हळू करायच्या." तिने ओठ जेमतेम हलवले आणि बोट मांडीशी धरून दाखवलं, "एक, दोन, तीन, चार, पाच... मी नेहमी अकरा. एकदा नोआ सिक होता तेव्हा मी दहा झाले."

माझ्या हातातून हॉलमध्ये वाटलेलं तुमच्या फोटोचं कार्ड खाली पडलं. ते उचलून मी विचारलं, "त्या जपानीत मोजायच्या ना?"

"नाही. क्लासमध्ये जपानीत. गणित सगळं जपानीत. पण आम्हाला मराठीत."

"तुला कधीपासून माहीत आहे?"

"इयर वन. बदकांच्या ट्रिपपासून."

दोन वर्षं, ताई! आपण मागच्या गल्लीत जाऊन, वह्या डब्यावर ठेवून, फाटकाशी एकमेकांना इंग्रजीत गुड आफ्टरनून म्हणून जे जपत होतो, ते एका सहा वर्षांच्या मुलीला बदकांच्या तळ्यापाशी कळलं होतं. नागोयात अकरा वर्षं शिकवून आलेल्या तुम्ही, झोपेतही जपानी बोलणाऱ्या, पण दुसऱ्याची मुलं रस्त्यावर नेताना जिवाला घोर लागला की पर्वतीच्या शाळेतल्या उजळणीवर येत होतात. जे मोजताना चुकायचं नाही ते माणूस ज्या भाषेत मोजायला शिकलं त्याच भाषेत मोजतं. हे तुमच्या लक्षात आलं नसणार. तुमचा नियम तुम्हीच मोडत होतात, प्रत्येक सहलीला, वीस-बावीस मुलं मोजताना.

मी ईराला विचारलं, "मग तू त्यांच्याशी मराठीत का नाही बोललीस?"

"त्यांना नको होतं, बाबा. त्या प्रिटेंड करत होत्या."

"मग?"

"सो मी पण प्रिटेंड केलं. नाहीतर त्यांना वाईट वाटला असता." मग ती म्हणाली, "आणि जपानीत मला त्यांना जोक सांगता यायचे. मराठीत मला जोक येतच नाही."

आमचा थांबा मागे गेला. पुढच्या थांब्यावर उतरून आम्ही चालत आलो.

सोपं दार तिला उघडं दिसत होतं. दोन वर्षं रोज दिसत होतं. तरी ती अवघड दार वाजवत राहिली, कारण त्या दारामागे तिला तुम्ही हव्या होतात, तुम्ही स्वतःला जसं तिच्यासमोर ठेवलं होतंत तशा. फसवणूक म्हणालो होतो मी. तिची कुणी फसवणूक केलेली नाही. ती मनापासून खेळत होती, आणि तिच्या बाजूने तो खेळ तुमच्यापेक्षा चोख चालला होता. तुम्हाला हे कळलं असतं तर आधी तुम्ही लाजला असतात, मग कॅफेवालीला सांगितलं असतंत, मग मला, सात वेळा.

जोकचं मात्र मला लागलं. ते तुमच्यामुळे नाही. आमच्या घरात मराठीत काय बोललं जातं? दात घासलेस का. बूट काढ. आजीला हो म्हण. ज्या भाषेत घरात विनोद होत नाही त्या भाषेत मुलीला विनोद कुठून येणार? मी जागेचं गणित मांडत बसलो होतो. तुम्ही माणसं दे म्हणत होतात. मी त्या माणसांत मोडत होतो, हे माझ्या ध्यानात आलं नाही.

शनिवारी सकाळी मी कल्याणीला सांगितलं की ती जागा नाकारू या. ती चपाती लाटत होती. लाटणं थांबवून म्हणाली, "तिला विचारलंस? आधी काढायचं तू ठरवलंस, आता ठेवायचं तू ठरवतोयस. तुमच्या त्या सेन्सेईंनी निदान तिला खेळात तरी घेतलं होतं."

म्हणून मी ईराला सगळं सांगितलं. ईमेल दाखवली. ती वाचायला तिला वेळ लागला नाही. मग ती रागावली, आणि तिचा राग मी पहिल्यांदाच अख्खा मराठीत ऐकला, चुकांसकट. "तू सेन्सेईला नाही सांगितलं? तू तिकडे गेला आणि नाही सांगितलं? त्या आजारी होत्या आणि तू प्रिटेंड केला?"

"हो," मी म्हणालो.

"ते गुड प्रिटेंडिंग नाहीये, बाबा."

"नाही. नाहीये."

घरामागच्या शाळेत तिची मैत्रीण आहे, दुपारी घरी लवकर येता येईल, आजीशी बोलायला जास्त वेळ मिळेल, हे सगळं मी सांगितलं, खरेपणाने. तुमच्या शाळेत सप्टेंबरमध्ये नवीन बाई येणार आहेत, त्यांना मराठी येत नाही, हेही सांगितलं. उत्तर मंगळवारपर्यंत द्यायचं होतं. ती म्हणाली, "मला विचार करायची आहे." मी लेकीला ओळखतो. शनिवार गेला. रविवारी ती सांगलीला माझ्या आईशी बोलली, नेहमीपेक्षा बराच वेळ. फोन ठेवून आई मला वेगळा फोन करून म्हणाली, "अरे, ती मला कसलीशी गोष्ट सांगत होती. निम्मी कळली नाही, पण शेवटी दोघी खूप हसलो." कुणाची गोष्ट होती ते मी विचारलं नाही.

आज सकाळी शाळेसाठी बूट घालताना तिने उत्तर दिलं. खाली बघून, नाडी बांधता बांधता.

"मला तिथेच जायचंय. सेन्सेईच्या क्लासमध्ये."

"नक्की?"

"पण दुपारी मला रडू येणार. क्लासमध्ये. चालेल?"

मी चालेल म्हणालो. मग तिला घेऊन ट्रामकडे निघायच्या आधी, दारातच उभं राहून, कौन्सिलला दोन ओळींचं उत्तर पाठवलं. ती जागा आता कुणा दुसऱ्या मुलाला मिळेल.

तुम्ही असतात तर तिला तुम्हीही 'चालेल' असंच म्हणाला असतात, ताई. फक्त जपानीत.